पसारा कोणी आवरावा?

लहान मुलांच्या संगोपनाविषयी जे प्रश्न आपल्या गावांतून वारंवार निघतात, त्यांपैकी एक दिसण्यास फार क्षुल्लक आहे. परंतु त्याच्या मुळाशी गेले असता तो क्षुल्लक राहत नाही. अंगणवाडीत तीन ते सहा वर्षांची मुले जमतात. ती ठोकळे पसरतात, कागदाचे कपटे करतात, चिंचोके उधळतात, खिचडीची शिते सांडतात. खेळ आटोपला म्हणजे हा पसारा कोणी आवरावा? सेविकाबाईंनी, मदतनीसबाईंनी, की ज्यांनी तो केला त्या मुलांनी? आणि मुलांनी आवरावा असे ठरविले, तर त्यांस त्या कामास लावावे कसे? धाक घालून, खाऊचे आमिष दाखवून, की अन्य काही मार्गाने? या प्रश्नाचा विचार आज वाचकांसमोर मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

भंडारा जिल्ह्यातील आंधळगावाचे उदाहरण घेऊ. मोहाडी तालुक्यातील हे गाव विणकरांचे म्हणून पूर्वापार ओळखले जाते, आणि त्याच्या सभोवारचा मुलूख तळ्यांचा व धानाच्या बांध्यांचा आहे. अशा मुलुखात मूल कामाच्या सान्निध्यातच वाढते. माग चालू असलेल्या घरात ते खटखट ऐकतच झोपी जाते व ऐकतच जागे होते. आई कांड्या भरू लागली की तेही एक रिकामी कांडी उचलून बोटांभोवती दोरा गुंडाळू लागते. रोवणीच्या दिवसांत घरची माणसे चिखलात उतरली म्हणजे चार वर्षांचे पोर बांधावर बसून गवताच्या काड्या मातीत रोवीत असते. त्यास हे कोणी सांगितलेले नसते. मोठी माणसे जे करतात ते आपणही करावे, ही इच्छा मुलाच्या ठायी उपजतच असते.

ही गोष्ट पंडितांनी कसोटीस लावून पाहिली आहे. जर्मनी देशातील लाइप्झिक येथे वॉर्नेकेन व टोमासेलो या दोन संशोधकांनी २००६ साली आपले प्रयोग प्रसिद्ध केले. दीड वर्षाच्या मुलांसमोर एक अनोळखी मनुष्य कपडे वाळत घालीत असता त्याच्या हातून चिमटा खाली पडे व त्यास तो घेता येत नसे. किंवा दोन्ही हात ओझ्यात गुंतलेले असल्यामुळे त्यास कपाटाचे दार उघडता येत नसे. त्याने मुलांकडे काही मागितले नाही, काही देऊही केले नाही. तरी बहुतेक मुले एकदा तरी दुडुदुडु चालत त्याच्या साह्यास गेली. ज्यांस धड बोलताही येत नाही अशी ही बालके! तेव्हा साह्याची वृत्ती बाहेरून आणून मुलात भरावी लागते असे नव्हे; ती तेथे आहेच. ती टिकेल की विझेल, एवढेच आपल्या हाती आहे.

तर मग घरी आईच्या मागे सूप ओढीत जाणारे मूल अंगणवाडीत पसारा तसाच टाकून का उठते? आणि आईबाप याविषयी काय म्हणतात? गावात दोन प्रकारचे बोलणे ऐकू येते. कोणी म्हणतो, “आम्ही लेकरास शिकावयास पाठवितो, झाडावयास नव्हे.” दुसरा म्हणतो, “काम केल्याने काय बिघडते? लहानपणीच वळण लागलेले बरे.” या दोहोंपैकी पहिल्यास आळशी व दुसऱ्यास शहाणा ठरवून मोकळे होणे सोपे आहे, परंतु तसे करणे अन्यायाचे होईल. पहिल्याच्या बोलण्यामागे एक मोठा व कटू इतिहास उभा आहे, आणि तो आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या घरचाच आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी आपल्या साताऱ्याच्या शाळेतील दिवसांची हकीकत लिहून ठेविली आहे. विसाव्या शतकाच्या आरंभीची ती गोष्ट. वर्गात त्यांस इतर मुलांपासून वेगळे, गोणपाटाच्या तुकड्यावर बसावे लागे. शाळा झाडण्यासाठी ठेविलेला नोकर त्या गोणपाटास हात लावीत नसे. म्हणून सायंकाळी तो गोणपाट गुंडाळून घरी न्यावा व सकाळी पुन्हा आणावा, असा त्या बालकास नियम होता. आता पाहा, आपले आसन आपण गुंडाळणे हे काम वाईट काय? आज कोणत्याही उत्तम बालवाडीत मुलांस हेच शिकवितात, आणि पाहुणे आले म्हणजे कौतुकाने दाखवितातही. परंतु साताऱ्याच्या त्या वर्गात ते एकट्याच मुलास करावे लागे. आणि ते का करावे लागते, हे त्यास व त्याच्या सोबत्यांस पुरते ठाऊक होते. हाताने होणारी क्रिया तीच. मनावर होणारा संस्कार मात्र अगदी उलट.

दुसरे उदाहरण हिंदी लेखक ओमप्रकाश वाल्मीकि यांचे. उत्तर प्रदेशातील मुजफ्फरनगर जिल्ह्यात बरला हे त्यांचे गाव. शाळेत नाव घातल्यानंतर मुख्याध्यापकांनी त्यांची जात ओळखून त्यांच्या हाती झाडू दिला. वर्गात इतर मुले पाठ घेत असता हा मुलगा शाळेच्या खोल्या, ओसऱ्या व मैदान झाडीत राहिला. असे दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी त्याचा बाप शाळेजवळून जात होता. त्याने हे पाहिले, मुलाच्या हातातील झाडू हिसकावून दूर फेकला, आणि मुख्याध्यापकास मोठ्याने जाब विचारला. ‘जूठन’ या आत्मकथनात ही हकीकत आहे. ही स्वातंत्र्यानंतरची गोष्ट होय. अस्पृश्यता नष्ट करणारे संविधानाचे सतरावे कलम त्यापूर्वीच, २६ जानेवारी १९५० रोजी, अमलात आलेले होते.

तेव्हा “आमच्या लेकराच्या हाती केरसुणी नको” असे म्हणणारा बाप कामाचा तिरस्कार करीत नाही. त्याच्या वाडवडिलांनी आयुष्यभर जे काम केले ते किती कष्टाचे आहे हे त्यास इतरांहून अधिक कळते. त्याचा राग केरसुणीवर नाही; ती आपल्याच हाती का, यावर आहे. हा राग धर्म्य आहे, असे आम्ही स्पष्टपणे म्हणतो. ज्याने तो समजून घेतला नाही त्याने मुलांस स्वच्छतेचे धडे देण्याच्या खटपटीत पडू नये.

परंतु या रागापोटी मुलांस सर्वच कामापासून दूर ठेवावे, हा निष्कर्ष मात्र आम्हांस मान्य नाही. कारण त्याचा परिणाम काय होतो तो पाहा. कोणत्याच मुलाने पसारा आवरला नाही, तर तो आपोआप नाहीसा होत नाही. तो मदतनीसबाईंच्या वाट्यास जातो. म्हणजे मूल अगदी तिसऱ्या वर्षापासून असा धडा शिकते की, सांडणारे आम्ही वेगळे व उचलणारे ते वेगळे. जातिभेदाचा पाया याहून निराळा तो काय? पुस्तकातून समतेचे शंभर धडे पुढे वाचले, तरी चटईवर शिकलेला हा पहिला धडा मनातून जाणे कठीण. ज्यांच्या घरांनी हा भेद सोसला, त्यांच्याच मुलांनी दुसऱ्या कोणावर तो लादण्यास शिकावे, हे आम्हांस फार दुःखाचे वाटते.

याचे उत्तर आपल्या महाराष्ट्रातच शोधिले गेले आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले (हा भाग २०१४ पासून पालघर जिल्ह्यात मोडतो). त्याच साली अनुताई वाघ त्यांस येऊन मिळाल्या, आणि पुढे हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. इटली देशातील मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोम शहराच्या एका गरीब वस्तीत जे बालगृह उघडले, त्याच्या पद्धतीचा ताराबाईंनी अभ्यास केला होता. त्या पद्धतीत झाडणे, पुसणे, वस्तू जागच्या जागी ठेवणे यांस अभ्यासाचेच स्थान आहे. मुलाच्या उंचीची मेजे, मुलाच्या हातात मावेल एवढी केरसुणी, मुलाचा हात पोहोचेल अशी फळी, ही त्या बालगृहाची सामग्री. परंतु परदेशी साधने महाग होती. म्हणून ताराबाईंनी व अनुताईंनी खडे, शिंपले, बिया, पाने, माती यांपासून आपली साधने करविली. बालवाडीत जी मुले येऊ शकत नव्हती त्यांच्या वस्तीतच जाऊन, तेथील एखाद्या अंगणात त्यांनी शाळा भरविली. म्हणून तिचे नाव अंगणवाडी. मुलांस न्हाऊ घालणे, त्यांचे केस विंचरणे, अंगण स्वच्छ करणे, येथून त्या शाळेचा आरंभ होई. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी भारत सरकारने ३३ ठिकाणी एकात्मिक बाल विकास सेवा योजना सुरू केली, आणि तिच्या केंद्रांस अंगणवाडी हेच नाव मिळाले. आज देशात सुमारे १४ लक्ष अंगणवाड्या आहेत. त्या नावातच शाळेचे तत्त्व सांगितलेले आहे. अंगण हे घराचे असते, आणि घराचे अंगण घरची माणसे मिळून झाडतात.

साताऱ्यात व बरल्यात जो अपमान झाला, तोच बोर्डीत शिक्षण कसा झाला? काम बदलले नाही. मग काय बदलले? आमच्या मते चार गोष्टी बदलल्या.

पहिली गोष्ट ही की, काम सर्वांचे झाले, आणि सर्वांत शिक्षकही आले. दक्षिण आफ्रिकेत गांधीजींनी १९१० साली टॉल्स्टॉय फार्म वसविले. तेथे जे काम शिक्षक करीत नाहीत ते मुलांस सांगावयाचे नाही, असा नियम त्यांनी ठेविला. पुढे १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेतून नई तालीम निघाली, तेव्हा सेवाग्रामच्या शाळेत सफाई ही शिक्षा न राहता नित्याच्या शिक्षणाचा भाग झाली. शिक्षक व विद्यार्थी मिळून ती करीत. आपल्याच विदर्भातील गाडगे महाराजांचेही उदाहरण वाचकांस ठाऊक आहे. १८७६ साली अमरावती जिल्ह्यात शेंडगाव येथे जन्मलेले हे सत्पुरुष गावात आले म्हणजे प्रथम हाती खराटा घेत, आणि गाव झाडून झाल्यावर रात्री कीर्तन करीत. “तुम्ही झाडा” असे सांगत ते ओट्यावर बसले असते, तर कोणी त्यांच्यामागे खराटा उचलला असता काय? जपान देशात प्राथमिक शाळेची मुले पाळीपाळीने आपले वर्ग व जिने स्वतः पुसतात. श्रीमंताच्या मुलाची पाळी चुकत नाही. जेथे पाळी सर्वांस आहे तेथे लाज कोणास नाही.

यातच मुलगा व मुलगी यांचा प्रश्नही येतो. “बाई ग, तू तेवढे आवर,” असे म्हणून मुलींकडून भांडी उचलून घ्यावी, आणि मुलगे तोपर्यंत अंगणात धावत असावे, हा प्रकार आपल्या घरांतून सर्रास चालतो. तो अंगणवाडीत शिरू देऊ नये. जातीने वाटलेले काम जसे अन्यायाचे, तसेच मुलीच्या जन्मावर लादलेले कामही अन्यायाचेच होय.

दुसरी गोष्ट ही की, काम मुलास नाव म्हणून चिकटविले गेले नाही. येथे एका नव्या संशोधनाचा उल्लेख करणे उपयोगी होईल. अमेरिकेत २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तीन ते सहा वर्षांच्या मुलांपैकी काहींशी ‘मदत करण्या’विषयी बोलण्यात आले व काहींशी ‘मदतनीस होण्या’विषयी. ज्यांस मदतनीस होण्याचे सांगितले ती मुले आपला खेळ सोडून सांडलेल्या वस्तू उचलण्यास अधिक वेळा उठली. हे वाचून कोणी म्हणेल, चला, युक्ती सापडली! परंतु काही वर्षांनी दुसऱ्या संशोधकांनी या गोष्टीची दुसरी बाजू दाखविली. मुलाच्या हातून मदत करताना काही सांडले किंवा बिघडले, तेव्हा मदतनीस हे नाव मिळालेली मुलेच अधिक खचली. कारण उघड आहे. नुसते काम फसले तर ते पुन्हा करता येते. परंतु आपण जे आहो तेच फसलो असे वाटले, म्हणजे उभारी राहत नाही.

नामाचे हे बळ आपल्या देशास सांगावयास नको. आपल्याकडे कामाचेच मनुष्याला नाव पडले. मग ते नाव मुलास गेले, नातवास गेले, आणि हातातील काम सुटले तरी कपाळावरचे नाव सुटले नाही. म्हणून आमचे मत असे की, लहान मुलाशी बोलताना नामापेक्षा क्रियापद बरे. “तू शहाणा”, “ती आवरणारी”, “तो आळशी”, “तो घाणेरडा” अशी नावे मुलांस ठेवू नयेत. स्तुतीचीही नाहीत व निंदेचीही नाहीत. “ठोकळे टोपलीत ठेवले, आता चटई मोकळी झाली” एवढे म्हणावे. जे झाले ते सांगितले की पुरे. मूल ते ऐकते, मोकळ्या चटईकडे पाहते, आणि आपल्या हातून काहीतरी झाले हे त्यास कळते.

तिसरी गोष्ट ही की, कामामागे धाकही नव्हता व मोबदलाही नव्हता. धाकाविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. जेथे पसारा आवरणे ही शिक्षा असते तेथे मुलास पसाऱ्याचा तिटकारा न येता आवरण्याचाच येतो. मोबदल्याविषयी मात्र पुष्कळ भल्या माणसांचा गैरसमज आहे. “आवरलेस तर बिस्कीट देईन,” असे आपण सहज म्हणतो. वर सांगितलेल्या त्याच दोघा संशोधकांनी २००८ साली वीस महिन्यांच्या मुलांवर आणखी एक प्रयोग प्रसिद्ध केला. साह्य केल्याबद्दल काही मुलांस खेळण्याची वस्तू दिली, काहींची केवळ स्तुती केली, आणि काहींस काहीच दिले नाही. नंतर देणे बंद करून पुन्हा प्रसंग आणला, तेव्हा ज्यांस वस्तू मिळाली होती तीच मुले साह्यास कमी वेळा उठली. मोबदला दिल्यामुळे आवड वाढली नाही, उलट उणावली. हे आमच्या अनुभवी आजीबाईंस आश्चर्याचे वाटणार नाही. दळण्याकांडण्यात नातीला सोबत घेताना तिला त्या पैसा देत नसत. जवळ बसवून घेत, हाच तिचा मान होता.

चौथी गोष्ट ही की, काम मुलाच्या शक्तीबाहेरचे नव्हते, आणि दुसऱ्या कोणाचे वेतन वाचविण्यासाठी ते त्याच्यावर टाकलेले नव्हते. येथे सीमा नीट आखली पाहिजे. तीन वर्षांच्या मुलाने ठोकळे टोपलीत टाकावे. चार वर्षांच्याने आपली चटई गुंडाळावी, आपली ताटली ठरलेल्या जागी नेऊन ठेवावी. पाच वर्षांच्याने ओल्या फडक्याने सांडलेले पुसावे, अंगणातील पाने वेचावी, रोपास पाणी घालावे. चुलीजवळचे भांडे, भरलेली बादली, फुटकी काच, शौचकूप, विहिरीचा किंवा बोडीचा काठ, ही मुलांची कामे नव्हेत, कधीच नव्हेत. संपूर्ण केंद्र स्वच्छ राखण्याची जबाबदारी मोठ्यांची आहे, आणि ज्या बाई ते करतात त्यांस योग्य मानधन व आदर मिळणे हा त्यांचा हक्क आहे. मुलाने आपल्या पसाऱ्यापुरता हात लावावा. त्यापलीकडे गेले म्हणजे शिक्षण संपते व राबवून घेणे सुरू होते.

आता कोणी सेविकाबाई म्हणतील, “हे सर्व खरे, परंतु मुले हात लावू लागली म्हणजे माझे काम दुप्पट होते. मी एकटीने जे पाच मिनिटांत करीन त्यास वीस मिनिटे लागतात.” हे अगदी खरे आहे, परंतु त्या वीस मिनिटांत काय होते तेही पाहावे. लाल ठोकळे एका टोपलीत व हिरवे दुसऱ्या टोपलीत टाकताना मूल वर्गवारी शिकते. चिंचोके मोजून डब्यात टाकताना अंक शिकते. दोघांनी दोन टोके धरून सतरंजी घडी करताना, दुसऱ्याच्या चालीकडे पाहून आपली चाल ठेवावी हे शिकते. पाटीवर याहून मोठा धडा कोणता देणार? तेव्हा आवरण्याची वेळ ही अभ्यासानंतर उरलेली वेळ समजू नये. तीही अभ्यासाचीच वेळ होय.

ज्यांस हे करून पाहावयाचे आहे त्यांच्यासाठी व्यवहाराच्या काही गोष्टी सांगतो. प्रत्येक वस्तूस जागा असावी, आणि त्या जागेवर त्या वस्तूचे चित्र काढावे, म्हणजे वाचता न येणाऱ्या मुलासही ती जागा कळते. जागाच नसेल तर “जागेवर ठेव” या शब्दांस अर्थ नाही. टोपल्या उथळ व फळ्या खाली असाव्या. खेळ एकाएकी मोडू नये. थोडे आधी सांगावे की आता आवरण्याची वेळ येत आहे, म्हणजे ज्याचे घर अर्धे बांधून झाले आहे तो ते पुरे करील. मग रोज एकच खूण असावी, एखादी घंटी, एखादे गाणे किंवा टाळ्यांचा ठेका. “सगळे आवरा” असे मोघम न म्हणता “गंगूताई, तू पाने वेच, बाळू, तू खडे” असे नेमके सांगावे, कारण मोठा पसारा पाहून मोठी माणसेही गांगरतात. खूण होताच पहिली वस्तू बाईंनी स्वतः उचलावी. मुलाने घडी वाकडी केली तर त्याच्यादेखत ती मोडून पुन्हा करू नये. त्याच्या डोळ्यांपुढे त्याचे काम रद्द करणे म्हणजे उद्या त्याने हात लावू नये असे सांगणेच होय. आणि एखादे मूल एखाद्या दिवशी नाहीच उठले, तर त्यास सर्वांसमोर लाजवू नये. त्याच्या शेजारी बसून “एक तू ठेव, एक मी ठेवते” असे म्हणावे. पुष्कळदा हट्टाचे कारण भूक, झोप किंवा अंगातला ताप हे असते.

आमच्या उपदेशक बंधूंस यात एक वेगळी विनंती आहे. रविवारच्या शाळेत मुले जमतात, सतरंजी अंथरली जाते, चित्रे दाखविली जातात. शाळा सुटल्यावर ती सतरंजी कोण उचलतो? उपदेशक खुर्चीवरून उठून वडीलधाऱ्यांशी बोलत राहतो, आणि एखाद्या गरिबाची पोरगी मागे राहून सर्व गुंडाळते, असे जेथे होत असेल तेथे पाठ कोणताही दिलेला असो, मुलांनी खरा पाठ तोच घेतला. पाच भाकरी व दोन मासळ्या यांची गोष्ट आपण मुलांस आवडीने सांगतो, आणि त्या भाकरी एका मुलाजवळच्या होत्या हेही सांगतो. परंतु हजारो लोक जेवून तृप्त झाल्यावर काय झाले, त्यावर आपण फारसे थांबत नाही. उरलेले तुकडे गोळा करावयास सांगितले गेले, आणि ते काम नोकरांवर न पडता शिष्यांवर पडले. बारा टोपल्या भरल्या. ज्या हातांनी वाढले त्याच हातांनी आवरले. तसेच शेवटच्या भोजनाच्या वेळी पंचा कमरेस बांधून गुरूने शिष्यांचे पाय धुतले, ही गोष्ट ज्याने शिकवावयाची त्याने सतरंजीचे एक टोक धरण्यास लाजू नये.

आईबापांसही एक शब्द. तुमच्या गावच्या अंगणवाडीत किंवा शाळेत केरसुणी काही ठरावीक घरांच्या मुलांच्याच हाती दिली जात आहे असे दिसले, तर गप्प बसू नका. बरल्याच्या त्या बापाने केले ते योग्यच केले. प्रथम सेविकाबाईंशी सौम्यपणे बोला. तेवढ्याने झाले नाही तर ग्रामपंचायतीकडे व वरच्या अधिकाऱ्यांकडे जा. आणि उपदेशकाने अशा बापाबरोबर जावे, त्यास एकटे पाठवू नये. परंतु जेथे सर्वांची मुले, पाटलाची व मजुराची, मुलगे व मुली, बाईंसह एकत्र वाकून पसारा आवरीत असतील, तेथे आपले मूल मागे ओढू नका. उलट घरीही तसेच चालू द्या. जेवण झाल्यावर मुलगा आपले ताट उचलील, बापही आपले उचलील, आणि आईस तेवढ्यात दोन घटका बसावयास मिळेल.

अखेरीस प्रश्नाच्या मुळाकडे येऊ. पसारा का आवरावा? घर सुंदर दिसावे म्हणून, असे कोणी म्हणेल. बाई रागावतील म्हणून, असे मूल म्हणेल. खरे कारण याहून साधे आहे. आपल्या मागून कोणीतरी येणार आहे. या चटईवर उद्या दुसरे मूल बसावयाचे आहे, हा ठोकळा दुसऱ्यास हवा आहे, ही वाट दुसऱ्याच्या पायाखालून जाणार आहे. जो मनुष्य आपल्यामागून येणाऱ्याचा विचार करतो तोच शेजारी होण्यास लायक. आणि ज्याने तो विचार कधी केला नाही, तो कितीही शिकला तरी त्याच्या मागे कोणीतरी वाकून उचलीत राहणारच. तीन वर्षांच्या मुलास शेजारधर्माचे व्याख्यान कळत नाही, पण ठोकळा टोपलीत टाकलेला कळतो. तो त्याने आपल्या इच्छेने, सर्वांच्या सोबतीने व ताठ मानेने टाकावा, एवढे घडवून आणणे आपणां मोठ्यांचे काम आहे. आणि त्यासाठी प्रथम आपणच वाकले पाहिजे.